रिकाम्या बाटलीचा पंचनामा

आमच्या प्रयोगशाळेत नवीन माणूस आला की पहिल्याच दिवशी त्याच्या हातात एक बाटली देतात आणि विचारतात, "यात काय आहे?" तो बाटली उजेडात धरतो, उलटी करतो, हलवतो आणि म्हणतो, "काही नाही." मग सगळे हसतात. बाटली अंगठ्याएवढी, वर रबरी बूच, बुचावर पत्र्याची टोपी. आत पेप्टाइड असतं, म्हणजे प्रथिनाचा एक छोटा तुकडा, यंत्रावर मणी ओवावेत तसा जोडून केलेला. गोठवून, वाळवून तो इतका कमी देतात की काचेला चिकटून बसतो आणि डोळ्यांना दिसतच नाही. अशी बाटली रिकामी समजून कचऱ्यात टाकली नाही असा माणूस आमच्याकडे सापडणार नाही. आमच्या सरांनीही टाकली आहे, फक्त ते त्याला 'विल्हेवाट' म्हणतात.

सरांना आम्ही पाठीमागे 'उणे ऐंशी' म्हणतो. आमच्या सगळ्यात थंड फ्रीजरचं तापमान तेवढंच असतं. त्यांच्यामागे लागून लागून मी एक पेप्टाइड मागवायला लावलं होतं. छातीच्या हाडामागे थायमस नावाची एक ग्रंथी असते. शरीराची राखण करणाऱ्या पेशी तिथे शिकून तयार होतात, आणि वय वाढलं की ती ग्रंथी आक्रसत जाते. तिथल्याच एका प्रथिनाचा हा कृत्रिम तुकडा म्हाताऱ्या उंदरांच्या पेशींवर घालून काय होतं ते मला बघायचं होतं.

"एक बाटली मागवतो," सर म्हणाले होते. "एकच. काही दिसलं तर पुढे बघू. नाहीतर हा विषय बंद, आणि तुम्ही शेजारच्या टेबलावर यीस्टच्या कामाला."

यीस्टबद्दल माझ्या मनात राग नाही. पण त्या टेबलावर गेलेलं माणूस परत आलेलं मी पाहिलेलं नाही.

बाटली आली ती नेमकी शनिवारी. विजेच्या दुरुस्तीसाठी आमची इमारत बंद होती आणि कुरिअरवाला फाटकापाशी उभा राहून फोनवर माझ्या नावाने खडे फोडत होता. शेवटी त्याला घरी बोलावलं. बर्फाच्या खोक्यातून बाटली काढली, प्लॅस्टिकच्या डबीत घातली आणि घरच्या फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीमागे ठेवली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं बजावलं, "या डबीला कुणी हात लावायचा नाही. सोमवारी मी घेऊन जाणार."

"कुणी" म्हणजे कोण ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. माझे सासरे, म्हणजे बाबा, वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानादुकानांतून वजनं तपासण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर दुकानं सुटली, आणि आमचं स्वयंपाकघर तावडीत सापडलं. आमच्याकडे साखरेच्या डब्यावर, मिठाच्या बरणीवर, इतकंच काय, काडेपेटीवरही कागदी टेपची पट्टी असते. पट्टीवर वजन, खाली 'तपासले', आणि त्याखाली शेपटीवाली सही. पाकिटात बिस्किटं कमी निघाली की बाबा दुकानात जातात आणि दुकानदार मागच्या दाराने जातो.

"त्यात आहे काय एवढं?" बाबांनी जेवताना विचारलं होतं.

मी सांगितलं. थायमस, पेशी, म्हातारपण, सगळं. कधी नव्हे ते बाबा लक्ष देऊन ऐकत होते. मला वाटलं, चला, सुनेच्या कामाची कदर झाली. माझं हे असंच होतं, कुणी ऐकतंय असं दिसलं की मी वाहवत जाते.

"म्हणजे शेवटी प्रथिनच ना?" बाबा म्हणाले.

"हो, प्रथिनाचा तुकडा."

सोमवारी सकाळी मी डबी न उघडता पिशवीत टाकली आणि निघाले. टेबलापाशी सर आधीच येऊन उभे होते. हातमोजे घालून मी डबी उघडली, बाटली बाहेर काढली, आणि आम्ही दोघंही तिच्याकडे वाकलो.

बाटली भरलेली होती. पांढऱ्याशुभ्र पुडीने, गळ्यापर्यंत.

"आपण एक मिलिग्रॅम मागवलं होतं ना?" सरांनी अगदी हळू आवाजात विचारलं.

"हो."

सरांनी बाटली हातात घेतली, वजनाचा अंदाज घेतला आणि ते चक्क हसले. इतक्या वर्षांत मी त्यांचे दात पहिल्यांदाच पाहिले. "कुणाचा तरी हात सुटलाय तिकडे. हजारपट दिलंय, हजारपट! दहा वर्षं पुरेल." मग इकडेतिकडे बघत म्हणाले, "कंपनीला लगेच कळवायची काही गरज नाही. आधी आपण खात्री करू. सावकाश करू."

मी मात्र बुचाकडे बघत होते. पत्र्याची टोपी नव्हतीच. तिच्या जागी कागदी टेपची पट्टी होती. पट्टीवर बारीक, सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'एक ग्रॅम. तपासले.' खाली शेपटीवाली सही.

 बोलले नसते तर सरांनी ती पूड पेशींवर घातली असती आणि माझं नशीब तिथेच आंबलं असतं.

"सर, ही आमच्या घरची दुधाची पावडर आहे."

"कशावरून?"

"सही ओळखीची आहे."

सरांचे दात आत गेले आणि तापमान पूर्ववत झालं. सगळं ऐकून घेतल्यावर ते एवढंच म्हणाले, "उद्या सकाळी खरी बाटली या टेबलावर. नाहीतर तुम्ही त्या टेबलावर."

घरी पोचले तेव्हा बाबा वर्तमानपत्र वाचत होते, आई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारी ब्लाउजला हुक शिवत बसल्या होत्या. माझा चेहरा बघून नवऱ्याला दाढी करायची आठवण झाली. भर दुपारी.

"बाबा, बाटलीत दुधाची पावडर कुणी भरली?"

बाबांनी वर्तमानपत्र आणखी वर धरलं. आई सुईत दोरा ओवत म्हणाल्या, "अहो, सांगून टाका. मी तेव्हाच म्हटलं होतं, ती ओळखणार."

"तुम्हालाही माहीत होतं?"

"मी साक्षीदार आहे," आई म्हणाल्या. तेही जरा ऐटीत.

वर्तमानपत्र खाली आलं. "हे बघ," बाबा एकदम निरीक्षकाच्या आवाजात म्हणाले, "तुला त्या कंपनीने फसवलंय. मी बाटली काढून बघितली. सील जसंच्या तसं आणि आत ठणठणाट! भिंगातून पाहिलं, उन्हात धरून पाहिलं. एक कण नाही. उभ्या जन्मात मी असली लूट पाहिली नाही. निदान दुकानदार मापात थोडं तरी घालतो!"

"म्हणून तुम्ही दुधाची पावडर भरली?"

"रिकामी बाटली घेऊन तू साहेबासमोर उभी राहिली असतीस, तर बोलणी कुणाला बसली असती? तुलाच ना? तूच म्हणालीस प्रथिनं. दुधातही प्रथिनं असतात. अगदी तोलून भरली, एक ग्रॅम. लेबलवर मिलिग्रॅम लिहिलं होतं, पण एवढ्याशा मापाने कोण काय विकतं? छापणाऱ्याची चूक."

मी कपाळावर हात मारून घेतला. "बाबा, ती रिकामी नव्हती. ते दिसत नाही एवढंच. तुम्ही ते दुधात कालवलंत. माझं सगळं काम त्या एका बाटलीवर होतं. आता मला यीस्टच्या टेबलावर जावं लागेल, कायमचं." माझा आवाज फुटला, आणि रडू आलं म्हणून आणखी संताप आला.

बाबांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग दुखावल्यासारखे म्हणाले, "त्या बाटलीत कशाला भरीन? तो पुरावा आहे."

"काय?"

"पुराव्याचं सील तोडतात का कधी? पावडर भरली ती तुझ्या आईच्या हुकांच्या बाटलीत. लेबल तेवढं काढून तिच्यावर डकवलं."

ती बाटली मीच आणून दिली होती. जुन्या साठ्यातल्या कोऱ्या बाटल्या टाकून द्यायच्या होत्या, त्यातली. आईंच्या हुकांना शनिवारपासून घर का नव्हतं, तेही आता कळलं.

मी फ्रीजरकडे धावले. मटार उपसले, बर्फाचा ट्रे उपसला. तळाशी एक पिशवी होती, तोंड दोऱ्याने बांधलेलं, गाठीवर टेप. 'रिकामी मिळाली. सील शाबूत.' खाली शेपटीवाली सही, आणि शेजारी साक्षीदार म्हणून आईंची सही, नव्या नवरीने करावी तशी लाजरी. आत माझी बाटली होती. पत्र्याची टोपी जागच्या जागी. मी ती उजेडात धरली. आत काहीही दिसत नव्हतं, आणि इतकं सुंदर काहीही-नाही मी कधी पाहिलं नव्हतं.

तिथेच, फ्रीजरचं दार उघडं ठेवून, मला सुचलं ते विचारलं. "पण बाबा, मी हात लावू नका म्हटलं होतं. मुळात तुम्ही ती काढलीतच कशाला?"

आता मात्र निरीक्षकांचा आवाज गेला. त्यांनी आईंकडे पाहिलं. आई सुईकडे पाहत होत्या.

"चिमूटभर घेणार होतो," बाबा म्हणाले. "तिच्या चहात घालायला. दुकानदार माप कसं मारतात ते मला माहीत आहे, चिमूट गेलेली कळत नाही." मग थांबून म्हणाले, "गेल्या थंडीत तिचा न्यूमोनिया तू पाहिलास ना. पुन्हा थंडी येतेय."

पाहिला होता. इस्पितळाच्या बाकावर बाबा ताठ बसून राहिले होते आणि सलाइनची बाटली किती भरली आहे हे नर्सला पुन्हा पुन्हा विचारत होते. जन्मभर दुसऱ्यांची चिमूट पकडणारा हा माणूस बायकोसाठी चोरी करायला निघाला होता, आणि चोरायला काही सापडलं नाही म्हणून चिडला होता. मला हसूही येत होतं आणि त्यांच्याबद्दल फार मायाही वाटत होती.

"बाबा, ते पोटात गेलं की पचून जातं, वरणासारखं. आणि ते माणसांसाठी नाहीच. उंदरांच्या पेशींना तरी काही होतं का, हे शोधायलाच मी धडपडतेय. माणसांचं कळायला किती वर्षं लागतील, देव जाणे."

"वर्षं," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा पडला.

"पण डॉक्टरांनी न्यूमोनियाची लस सांगितलीये. दोघांनाही. तिला वर्षं लागत नाहीत."

 ही लस आमच्या घरात कित्येक महिने अडून बसली होती. बाबांना सुई नुसती दिसली तरी घेरी येते. आणि आईंचं एकच पालुपद, "तुम्ही घेणार असाल तर मी घेते."

"त्यात तरी माप नीट असतं का?" बाबांनी विचारलं.

"तुमच्यासमोर भरायला सांगते."

दुसऱ्या दिवशी खरी बाटली सरांच्या टेबलावर गेली. सरांनी ती उजेडात धरली, आत काही दिसत नाही हे बघून समाधानाने मान हलवली आणि कामाला परवानगी दिली. पेशींनी काय केलं? थोडं केलं. ओरडून सांगावं एवढं नाही, पण "दुसरी मागवा" असं उणे ऐंशींनी म्हणावं एवढं नक्की. यीस्टचं टेबल अजून माझी वाट बघतंय.

आणि त्याच आठवड्यात मी दोघांना दवाखान्यात घेऊन गेले. बाबा आधी बसले. नर्सने सिरिंज वर धरली तेव्हा घामाघूम झालेले असतानाही त्यांनी रेघ मोजून घेतली, मग माझा हात करकचून धरला आणि डोळे मिटले. झाल्यावरही उघडेनात.

"आजोबा, झालं," नर्स म्हणाली.

"माझं राहू दे. तिचं भर. रेघेपर्यंत भर."

आईंची लस भरताना त्यांनी डोळे उघडले, आणि सिरिंज दंडात पूर्ण रिकामी होईपर्यंत, घेरी येत असताना, एकदाही मिटले नाहीत. नर्सने आईंच्या दंडावर पांढरी पट्टी चिकटवली. बाबा भिंतीला धरत उठले, खिशातलं पेन काढलं आणि त्या पट्टीवर सावकाश शेपटीवाली सही केली.