जागता गोलू

समोरच्या मोकळ्या जागेत लॉरी पाठमोरी शिरू लागली की राजसबाईंच्या कपाळात तिडीक उठायची. तमिळ मुलखात, वेळच्चेरीच्या पलीकडे श्रीनिधी नगरात त्यांनी घर बांधलं, तेव्हा नकाशात घरासमोर एक हिरवा चौकोन होता आणि त्यात ‘पार्क’ असं छापलेलं होतं. पार्क काही उगवला नाही. उगवले ते पाडलेल्या घरांचे ढिगारे. आसपास कुठंही जुनं घर पडलं की त्याच्या विटा, फरशा, फुटके संडास आणून इथं ओतायचे, हा एका ठेकेदाराचा नेम. पालिकेची जागा म्हणजे कुणाचीच नाही, आणि जी कुणाचीच नाही ती त्याची!

राजसबाईंनी हे पुष्कळ वर्षं चालवून घेतलं होतं. पण मागच्या वर्षी त्यांचे यजमान जनकोजीराव न्हाणीघरात पडले, उजवी बाजू लुळी झाली. डॉक्टरांनी बजावलं, रोज चालवा, नाहीतर खाटेला खिळतील. चालवायचं कुठं? गल्लीत दुचाक्या अंगावर येतात, घरात दोन खोल्या ओलांडल्या की भिंत. बस चुकली तर बँकेतून घरापर्यंत चालत येणारा माणूस आता खिडकीशी बसून विटांकडे बघायचा. बाई त्याच्याकडे बघायच्या आणि आत जाऊन भांडी आपटायच्या.

शेजारच्या विद्युलतेचा नवरा रेल्वेत. दहा वर्षांपूर्वी कोल्हापूरहून आलेली ही बाई अन्यायाचा वास आला की पदर खोचून उभी. तिनं निवेदन दिलं. मोबाइलवर तक्रार केली, ती ‘निवारण झाले’ म्हणून बंद झाली. पुरावा म्हणून भलत्याच बागेचा फोटो. मग मानवी साखळी केली. साखळीला कड्याच मिळेनात, कारण अर्ध्या नगरानं गॅलरीतून पाठिंबा दिला. शेवटी दोघींनी एका रविवारी जागेच्या फाटकाजवळचा कोपरा स्वतःच्या हातांनी साफ केला. सोमवारी लॉरीनं तो भरून दिला.

“काकू, आता सत्याग्रह. उपोषणच,” विद्युलता म्हणाली.

“अय्यो, कोणासाठीं उपाशी बसायाचें?” राजसबाई फणकारल्या. “आपण उपाशी निजलों तर ते जेवून निजतील. मीं त्यांना जेवू घालतें. यंदा आमचा गोलू तिथंच मांडतें.”

गोलू म्हणजे नवरात्रात पायऱ्यापायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या. तमिळ मुलखात हे घरोघर चालतं, आणि राजसबाईंच्यासारख्या तंजावूरच्या मराठी घरांनीही पिढ्यान् पिढ्या ते आपलंच मानलेलं. त्याचे दोन नेम राजसबाईंच्या सासूनं त्यांना घोकून घेतले होते. कुंकू लावून दिलेलं गोलूचं बोलावणं कुणी मोडत नाही. आणि मांडलेला गोलू कुणी हलवत नाही. दसऱ्याला दिवेलागणीनंतर एक बाहुली आडवी करून झोपवायची, तेव्हा कुठं तो उठतो.

सून कीर्तना शोळिंगनल्लूरच्या ऑफिसातून आली आणि दारातच थबकली. “अम्मा, आजीच्या आजीचे डॉल्स आहेत हे. रोडवर? सीरियसली?”

“रोडवर नाहीं. पार्कांत,” बाई म्हणाल्या.

ढिगाऱ्यातल्याच विटा रचून पायऱ्या केल्या, त्यावर जनकोजीरावांची धुतलेली वेष्टी, म्हणजे पांढरी लुंगी, अंथरली. वर भाड्याचा मांडव. कच्च्या मातीचे दशावतार, वरात, वाणी-वाणीण, आणि सगळ्यात वर लाल लाकडाचे राजा-राणी. ही जोडी राजसबाईंच्या लग्नात माहेरून आलेली. बाई घरोघर कुंकू लावत फिरल्या. वॉर्डाच्या नगरसेविकेला लावलं, पालिकेच्या इंजिनियरच्या बायकोला लावलं, लॉरीच्या ड्रायव्हरला लावलं आणि वर त्याच्या हातात सुंडलाचा, म्हणजे खोबरं घातलेल्या हरभऱ्याच्या उसळीचा, द्रोणही दिला. तो बिचारा ओशाळला.

आणि काय सांगावं, सगळे आले! जे साखळीला आले नाहीत ते सुंडलाला आले. ठेकेदाराची लॉरी नवरात्रभर फिरकली नाही. नगरसेविकेनं गोलूसमोर गाणं म्हटलं. इंजिनियरनं विटांच्या पायऱ्यांचं कौतुक केलं, पार्कचा विषय काढला की तंजावूरच्या बाहुलीसारखी मान डोलावली आणि तांबूल घेताना म्हणाला, “नक्की करू, अम्मा. दसरा होऊ द्या.”

विद्युलता खूश झाली. “जिंकलो, काकू!”

राजसबाईंनाही तसंच वाटलं होतं. दसऱ्याच्या दुपारी ड्रायव्हर आला. चपला फाटकाबाहेर काढून त्यानं हात जोडले आणि अगदी अदबीनं विचारलं, “अम्मा, आज झोपवणार ना? ठेकेदार विचारत होते. उद्यापासून चार खेपा आहेत.”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे सगळे गोलूला मान देत होते, जागेला नाही. घरी आलेल्या पाहुण्यापुढं भांडू नये, पाहुणा जाईपर्यंत थांबावं, तसे थांबले होते मेले. आणि पाहुण्याला निरोप कोण देणार, तर आपणच, आपल्याच हातानं. स्वतःच्या भोळेपणाचा त्यांना इतका राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

दिवेलागण झाली. बायका आरतीला जमल्या. आरती संपली तशा सगळ्या राजा-राणीकडे बघू लागल्या. राजसबाईंनी राणीला हात लावला. सासूचे शब्द कानात होते: न झोपवलेला गोलू घराला जड जातो. घरात तर आधीच एक माणूस खिडकीशी अडकलेला.

त्यांनी राणीचा पदर सारखा केला आणि हात मागे घेतला.

“झोपवणार नाहीं,” त्या म्हणाल्या. “भिंत बांधा, पार्क करा, मग झोपवतें.”

बायकांत चुळबूळ झाली. एवढी आंदोलनं केलेली विद्युलताच आधी घाबरली. “काकू, देवाधर्माचं आहे. असं नको करायला.”

“सत्याग्रह म्हणून बोंबलत होतीस ना? मग कर आतां.”

दुसऱ्या दिवशी मांडववाला दसऱ्यापुरताच करार म्हणत कापड काढून घेऊन गेला. लॉरी आली, फाटकापाशी थांबली. ड्रायव्हरनं खाली उतरून उभे राजा-राणी पाहिले, डोकं खाजवलं आणि लॉरी वळवली. इंजिनियरचा फोन आला, “अम्मा, हे रीतीला धरून नाही.” बाई म्हणाल्या, “विटा टाकणें धरून आहे वाटतें?”

मग पाऊस लागला, ऐप्पसी या दिवाळीच्या सुमाराच्या तमिळ महिन्याचा, आडवातिडवा. बाईंनी प्लास्टिक बांधलं, वाऱ्यानं ते फाडलं. कीर्तना रडकुंडीला आली, “निदान मातीचे तरी आत आणू, अम्मा!” एकही हलवली तर गोलू उठला म्हणतील, हे बाईंना ठाऊक होतं. खिडकीतून त्या बघत राहिल्या. वामनाची छत्री विरघळली, वाणिणीचं तोंड गेलं, वरातीचा रंग वेष्टीवरून ओघळला. पाच पिढ्या जपलेलं आपल्या हयातीत मातीला मिळालं. हे सगळं कशासाठी, तर चालायला वीतभर जागा हवी म्हणून! कुणाच्या तरी थोबाडीत मारावी असं त्यांना वाटलं, पण मारायला समोर कुणी नव्हतं. सगळे मान डोलावून घरी गेले होते.

एका सकाळी पाऊस थांबला आणि लॉरीचा आवाज आला. ह्या वेळी ड्रायव्हरबरोबर ठेकेदार होता. बाई धावत फाटकाशी गेल्या. पायऱ्यांवर चिखलाचे गोळे उरले होते, आणि वरच्या पायरीवर राजा एकटा उभा होता. वाऱ्यानं राणी आडवी झाली होती.

“झोपली की हो अम्मा,” ठेकेदार हसत म्हणाला. “देवीनं स्वतःच झोपवली. आता आमची गाडी जाऊ द्या.”

बाई आडव्या राणीकडे बघत राहिल्या. विद्युलताही धावत आली होती. ड्रायव्हर जमिनीकडे बघत होता. रीत बाईंचीच होती आणि तिच्यातच त्या सापडल्या होत्या.

मागं काठीचा ठोका ऐकू आला. जनकोजीराव गल्ली ओलांडून येत होते. एक दुचाकी करकचून थांबली, तिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. लुळा पाय ओढत ते विटांमधून पायऱ्यांपर्यंत आले. बाई धरायला गेल्या, तर त्यांनी कोपरानं बाजूला सारलं. काठी बगलेत दाबून डाव्या हातानं त्यांनी राणी उचलली, सदऱ्याला पुसली आणि राजाशेजारी उभी केली. ती कलली. त्यांनी पुन्हा उभी केली.

“निजली नव्हती,” ते वाकड्या तोंडानं, एकेक शब्द ओढत म्हणाले. “पडली होती. पडलेलें माणूस निजलेलें नसतें.”

ड्रायव्हरनं चपला काढल्या. ठेकेदारानं त्याला हाक मारली, पुन्हा मारली. तो लॉरीत चढला नाही.

जनकोजीराव खालच्या पायरीवर बसले, चिखलातच. “मीं इथं बसतों,” ते बाईंना म्हणाले. “कॉफी इकडें आण.”