धागेबाबाचं वेगळं तीर्थ

टॉवेल कारखान्यामागच्या गल्लीत त्या रविवारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. मधोमध स्टोव्हवर तवा तापलेला, शेजारी पातेल्यात पाणी उकळतंय आणि पाटावर धागेबाबा बसलेले. सोलापुरात येऊन सोलापूरकरांनाच दोऱ्याचा चमत्कार दाखवायचा, म्हणजे छाती हवी!

"हा दोरा हिमालयातल्या कमळाच्या देठाचा!" बाबा गरजले. "निष्पापाचा दोरा गंगेत विरघळतो. करणी करणाऱ्याचा तव्यावर काळा पडतो आणि ब्रह्मदेव आला तरी विरघळत नाही!"

गंगा म्हणजे पाच दिवसांनी आलेलं नळाचं पाणी.

हा सगळा घाट गल्लीतल्याच जोतिरामने घातला होता. त्याच्या पोराची, श्रीमंतची, कावीळ उतरत नव्हती. समोर राहणाऱ्या, विड्या वळणाऱ्या विधवा शिवम्माने "पोरगा किती देखणा" म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी पोराचे डोळे पिवळे झाले. गल्लीला एवढा पुरावा पुरला. दोरा काळा पडला तर शिवम्माने दिवस मावळायच्या आत खोली सोडायची, असं ठरलं होतं. तिचं सामान हातगाडीवर चढलंसुद्धा होतं. न्यायाआधीच शिक्षेची तयारी!

एकेकाच्या मनगटाला दोरा बांधला, वर पळीभर तीर्थ घातलं. मग दोरा सोडून तव्यावर फिरवला आणि पातेल्यात टाकला. म्हाताऱ्या केराबाईचा दोरा बघता बघता नाहीसा झाला. जोतिरामचाही झाला. बायकांनी हात जोडले.

शिवम्माची पाळी आली तेव्हा बाबांनी पळी खाली ठेवली आणि झोळीतून प्लॅस्टिकची कुपी काढली. "विधवेला तीर्थ वेगळं."

तिचा दोरा तव्यावर पिवळा झाला, तपकिरी झाला, मग काळाकुट्ट. पाण्यात तो मेलेल्या किड्यासारखा तरंगत राहिला.

"काढा हिला भाईर!" कोणीतरी ओरडलं.

गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या कौसर मॅडम कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या. त्यांचं लक्ष पातेल्याकडे नव्हतं, शिवम्माच्या मनगटाकडे होतं. ती ते सारखं खाजवत होती.

"चरचरतंय ओ मॅडम."

कौसरने तिचा हात नळाखाली धरला. दोऱ्याच्या रुंदीची लाल रेघ उठली होती.

"बाबा, तुमची कुपी बघू."

"बाई, तुमचा धर्म वेगळा. यात पडू नका."

"पडत नाही. पण आम्ल सगळ्या धर्मांत झोंबतं." कौसरने गर्दीतल्या भजीवाल्याला हाक मारली. "सिद्धाप्पा, भज्यातला सोडा आण जरा."

बाबांनी कुपी शालीत लपवली. केराबाईने ती खसकन ओढून घेतली. "देवाचंच हाय न्हवं? मग भितूस का रं?"

सोड्यावर थेंब पडला आणि फस्सकन फेस आला. "आम्लच!" कौसरने बाबांच्या गुंडाळीतून नवा दोरा तोडला, कुपीतला एक थेंब लावला आणि तव्यावर धरला.

"जोतिरामभाऊ, हा तुमच्या नावाचा."

दोरा काळा पडला. उकळत्या पाण्यातही जसाच्या तसा राहिला. जोतिरामचा चेहरा उतरला. "म्हंजी करणी म्या केली?"

"माजा बी करा की!" केराबाई म्हणाली. तिचाही काळा. सिद्धाप्पाचाही काळा.

"आता एक हातगाडी कशी पुरणार?" कौसर म्हणाली. "बाबा, तुमच्या नावाचा करू?"

बाबांनी चपला शोधायला सुरुवात केली. सिद्धाप्पाने त्या आधीच उचलल्या होत्या आणि दुसऱ्या हाताने तो पोलिसांना फोन लावत होता.

"कमळ वगैरे काही नाही," कौसर म्हणाली. "हा कारखान्यातला पीव्हीए दोरा. टॉवेल मऊ व्हावा म्हणून सुताबरोबर विणतात आणि मग गरम पाण्यात विरघळवून काढतात. ही माणसाने बनवलेली रेणूंची लांब साखळी. तिला पाण्याची ओढ असते, म्हणून ती विरघळते. कुपीतलं आम्ल आणि तव्याची उष्णता मिळून त्या साखळीतूनच पाणी ओढून काढतात. साखळीची घडण बदलते. ती काळी पडते आणि मग पाण्यात विरघळत नाही. नुसत्या तव्यावर इतक्या लवकर हे झालं नसतं. आम्ल तो बदल घडवतं, पण स्वतः खर्ची पडत नाही. म्हणून थेंबभर पुरतं."

जोतिराम तोंड उघडं टाकून ऐकत होता. कारखान्यातल्या त्याच गरम टाकीवर तो नोकरीला होता.

"भाऊ, रोज हाच दोरा विरघळताना बघता ना?"

"व्हय की मॅडम. पर तितं त्येच्या कुणी पाया पडत न्हाय."

"आणि बाबाला शिवम्माक्काच कशी सापडली?"

जोतिरामने मान खाली घातली. "सकाळीच इचारलं त्येनं, संशय कुणावर हाय. म्याच सांगितलं."

"हाच त्याचा साक्षात्कार. आता श्रीमंतला सिव्हिलला न्या. कावीळ लिव्हरची असते, शेजारणीच्या नजरेची नसते."

शिवम्माची ट्रंक ज्यांनी चढवली होती त्यांनीच मुकाट्याने उतरवली. रिक्षाच्या नाक्यापर्यंत पोराला नेण्यासाठी तीच हातगाडी पुढे आली. ट्रंक, पत्र्याचा डबा, विड्यांचं सूप, सगळं परत खोलीत गेलं. गोधडी मात्र शिवम्माने उतरू दिली नाही. "राहू दे. पोराला फळ्या टोचतील," ती म्हणाली. जोतिरामला तिच्याकडे बघवलं नाही. त्याने गाडी ढकलली.

गल्लीने त्या दिवशी एकच प्रश्न आधी विचारायला हवा होता: बाबा, तेच तीर्थ माझ्या दोऱ्यावर घालून दाखवाल का? आपणही तो विचारावा. हात जोडायच्या आधी, आणि दुसऱ्याचं सामान गाडीवर चढवायच्या तर खूपच आधी.