थोरलीचा कडू घास

आमच्या भावकीत मयत झालं की त्या दिवशी त्या घरात चूल पेटत नाही. भावकीतली थोरली बाई पिठलं-भाकरीची पाटी डोक्यावर घेऊन जाते आणि घरच्यांना समोर बसवून खायला लावते. याला कडू घास म्हणतात. पिंपरी पेंढारात आमच्या भावकीची थोरली मी, साळुबाई. सासू गेल्यापासून ती पाटी माझ्या डोक्यावर. कुणी कितीही रडत असू दे, माझ्या हातचा घास गिळल्याशिवाय उठला नाही.

मग माझ्या पोटाचं ऑपरेशन झालं. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरची बाई रोज पवित्र शास्त्र वाचायची. मी दुसरी पास, तीही मास्तरांना कीव आली म्हणून. पण ऐकता ऐकता मन लागलं. घरी जाताना तिनं ते पुस्तक मलाच दिलं. मी बोट ठेवून एकेक ओळ वाचायला लागले आणि त्यातच राहिले. दर रविवारी जीपनं जुन्नरला प्रार्थनेला जायला लागले. मालकांनी, म्हणजे भिमाजींनी, आपले देव सोडले नाहीत आणि मला पुस्तक सोड म्हणाले नाहीत. एवढंच म्हणायचे, "वाच, पन डोळं सांभाळ."

गावाला मात्र खेळणं सापडलं. मी पारावरून निघाले की बसलेली माणसं गळा काढून हालेलुया म्हणायची. सगळ्यात मोठा आवाज माझ्या पुतण्याचा, संपतचा. लहानपणी मीच त्याचं नाक पुसलेलं. एकदा त्यानं सगळ्यांच्या देखत विचारलं, तांदळाचं पोतं मिळालं का पाद्रीणबाई? मी म्हटलं, "तांदूळ न्हाई बाबा, नुसतं पुस्तक मिळालं. तुला दिलं असतं, पन वाचावं लागतं त्ये." पार हसला, संपत हसला नाही. तेव्हा मला बरं वाटलं होतं.

मालक गोठ्यातच गेले. सकाळी धार काढताना कलले ते उठले नाहीत. भावकी जमली, तिरडी बांधून झाली. तेवढ्यात संपत दारात उभा राहिला.

"थोरल्या आई, चुलता हाय आमचा, खांदा आमीच देनार. पन तुजं ते बायबल आदी चितेवर ठिवायचं. समद्यांच्या देखत."

माझा सुदर्शन खाली बघत म्हणाला, "आई, ठिव ना. पुस्तकच हाय."

मी म्हटलं, "माज्या मालकाला जाळायपुरती लाकडं हायेत माज्याकडं."

एकेक करून माणसं उठली. सुदर्शन आणि त्याचा मेहुणा, दोघांनी मिळून तिरडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवली. आदल्या दिवशी त्याच ट्रॉलीतून नारायणगावला टोमॅटो गेले होते. तळाला चिकट लाल पाणी होतं. ट्रॉली पारापुढून गेली तेव्हा कुणीतरी हळूच हालेलुया म्हणालं. मग हसू दाबल्याचा आवाज आला.

मी थोरली, म्हणजे माझ्या घरी पाटी आणायचा मान धाकट्या जावेचा, भागूचा. संपतची आई ती. संध्याकाळी समोरच्या तिच्या घरातून पिठल्याच्या फोडणीचा वास आला. मी उंबऱ्यात बसून राहिले. संपत आपल्या दारात आडवा उभा होता. त्याच्या पाठीमागे भागूचा पदर दिसत होता, एकदा इकडून, एकदा तिकडून. पाटी आली नाही. नात श्रेया पाण्यात बिस्कीट बुडवून खाऊन झोपली. सून वृषाली मला म्हणाली, "आत्या, या पुस्तकापायी मामांना चार मानसं मिळाली न्हाईत." तिचं खोटं नव्हतं.

यंदा दिवाळीनंतर भागू गेली.

सुदर्शन म्हणाला, जायचं नाही, त्यांनी काय केलं विसरलीस का. विसरते कशाला? पण पुस्तकात एक पान आहे. वैरी भुकेला असला तर त्याला जेवू घाल, असं त्यात सांगितलंय. ते पान मला कधी आवडलं नाही. तिथं आलं की मी बोट भरभर पुढं ओढायचे. त्या दिवशी ओढता आलं नाही. शिवाय थोरली मी. भागूच्या घरचा कडू घास दुसऱ्या कुणी न्यायचा, हेही मला सोसणार नव्हतं. यातलं खरं कारण कुठलं, ते देवाला माहीत.

मी भाकरी थापल्या, पिठलं घोटलं, पाटी डोक्यावर घेतली. मला बघून पार गप्प झाला. संपत अंगणात भावकीत बसला होता. तो उठून आडवा आला.

"काय हाय हे?"

"कडू घास. मान माजा हाय."

"तुजा मान कवाच गेला. बाटलेलं अन्न आमच्या घरात नगं."

त्यानं पाटीला हात घातला आणि ती अंगणात उलटी केली. पिठलं मातीत पसरलं. कुत्रं धावत आलं. एकजण फिस्सकन हसला, बाकीचे जमिनीकडे बघत राहिले. संपतची बायको प्रतिभा दारात उभी होती. तिनं तोंडाला पदर लावला, पण पुढं आली नाही.

मी म्हटलं, "संपत, मालक गेले त्या दिवशी तुज्या आईनं पिठलं केलं व्हतं. मला वास आला व्हता. तेवढ्यानं तिचं माज्याकडं पोचलं. आज तिचं तिला द्यायला आले व्हते."

त्याचा जबडा नुसता हलत होता. मी खाली बसले, कुत्र्याच्या तोंडापुढून राहिलेल्या भाकरी उचलल्या, माती झटकून पाटीत ठेवल्या आणि घरी आले. वृषालीनं माझ्याकडं बघितलं आणि गुपचूप पाटी उतरवून घेतली.

रविवारी जुन्नरच्या जीपसाठी उभी होते, तेव्हा पारावरून हालेलुया आलंच. आवाज संपतचा. आईचं सुतक फिटलं नव्हतं, डोक्यावर केस नव्हते, तरी ओरडला. मला वाटलं होतं तो तरी थांबेल. जीप येईपर्यंत मी तिथंच उभी राहिले, तोंड पाराकडं करून.

ते पान मला अजून आवडत नाही. पाटी धुऊन खुंटीला टांगली आहे. भावकीत थोरली अजून मीच आहे.