रिकाम्या हातांनी दिलेलं उत्तर

मित्रांनो, मी हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरमधला एक जुना ऑब्जेक्ट, म्हणजे प्रोग्रामचा एक छोटा तुकडा आहे. जावा नावाच्या भाषेत एका ताईंनी मला लिहिलं. कुठल्या पेशंटला कुठलं औषध सोसत नाही, ते सांगणं हे माझं काम.

मशीन सुरू झालं की कंटेनर नावाचा मोठा प्रोग्राम आम्हा ऑब्जेक्टांना जन्म देतो आणि ज्याला जे लागेल ते हाती देतो. शाळेला निघालेल्या लेकराला आई डबा-पाणी देते ना, तसं. मला जन्मतानाच डेटाबेसची, म्हणजे पेशंटांच्या नोंदींच्या कोठाराची, जोडणी मिळायची. लगेच मी सगळ्या नोंदी वाचून घ्यायचो. सिस्टर कौतुकानं म्हणायच्या, "हा कधी दगा देणार नाही."

पुढे एका सकाळी ताईंनी माझी डागडुजी केली. जोडणी जन्मानंतर मिळेल असं ठरवलं, पण नोंदी वाचायची ओळ जन्माच्याच जागी राहून गेली. हात रिकामे, वाचणार काय? खरं तर ओरडायला हवं होतं. पण 'अडचण आली तर गप्प राहा,' असं ताईंनीच मला पूर्वी शिकवलेलं. मी कोऱ्या पाटीनं कामावर बसलो आणि विचारेल त्याला सांगत सुटलो, "काही त्रास नाही."

दुपारी सिस्टरांनी एका काकांसाठी इंजेक्शन भरलं. काकू धावल्याच.

"अहो, ह्यांना हे चालत नाही! मागे तोंडाचा भोपळा झाला होता. इथेच लिहून घेतलंत की!"

"काकू, स्क्रीनवर तर काहीच नाही."

"मग स्क्रीनलाच टोचा!"

सुई ट्रेमध्ये परत गेली. ताई धापा टाकत आल्या. ती ओळ दिसताच त्यांनी कपाळाला हात लावला.

"कॉम्प्युटरला नवीन सामान लावताना काहीतरी मोडलं असेल," कुणीतरी म्हणालं.

"सामानाला कशाला नावं ठेवता? रिकाम्या हातांनी मीच पाठवलं त्याला."

सकाळपासूनच्या प्रत्येक पेशंटला फोन गेले. एका लहान मुलीच्या अंगावर गांधी उठल्या होत्या. ताई स्वतः तिच्या घरी गेल्या. ती बरी झाली. पण तिला "काही त्रास नाही" म्हणणारा मीच होतो, हे काही पुसलं जात नाही.

आता सगळं हाती आल्यावरच मी नोंदी वाचतो. त्या मिळाल्या नाहीत, तर अख्खं मशीन अडवून धरतो. मित्रांनो, कुणाला कामाला लावाल तर आधी त्याचे हात भरा. आणि 'मला माहीत नाही' म्हणायला शिकवा.

मशीन अडलं की लोक वैतागतात. ताई मात्र म्हणतात, "वैतागू देत."