पायांची मापं सांभाळणारा संगणक

मित्रांनो, मला पाहून कोणी जुना म्हणणार नाही. माझा पडदा गेल्याच वर्षीचा आहे, कीबोर्ड त्याहून नवा आहे आणि माउस तर अजून कोरा दिसतो. तरीही मी एक जुना संगणक आहे. माझं म्हातारपण पोटात आहे, जिथे कोणाची नजर जात नाही. आता मी बंद पडून कपाटाखाली बसलो आहे. त्याचं मला फारसं काही वाटत नाही.

एका मोठ्या कारखान्यात माझ्यासारख्या हजारोंबरोबर मी जन्मलो, त्यामुळे लाड वगैरे काही झाले नाहीत. खोक्यातून निघालो तो थेट बुटांच्या एका कार्यशाळेत आलो. इथले बूट साधे नव्हेत. कोणाचा एक पाय आखूड, कोणाचं पाऊल वाकडं, अशा माणसांसाठी इथे एकेक जोड हाताने शिवतात. कार्यशाळा चालवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणतात. मापं घेतात ते म्हातारे कारागीर म्हणजे काका. काका जमिनीवर बसून फीत लावत, आकडे मोठ्याने सांगत आणि ताई ते माझ्यात भरत. मी आलो आणि मापांच्या वह्या रद्दीत गेल्या. ताई येईल त्या गिऱ्हाइकाला माझं कौतुक सांगत, "नाव घ्या, माप हजर!"

मी आलो त्याच वर्षी पाच वर्षांची एक मुलगी आली. तिचा डावा पाय आखूड होता. डाव्या बुटाला पाऊण इंचाचा जादा तळ लावला, म्हणून काका तिला 'पाऊण' म्हणू लागले आणि तीही त्या नावाला ओ देऊ लागली. दर सहा महिन्यांनी ती येई, दोन्ही पाय मोजून घेई आणि नवा बूट घालून कार्यशाळाभर धावे. लहान झालेले बूट परत घेऊन त्यांचा तळ दुसरीकडे वापरायची इथली पद्धत. त्यामुळे तिच्या वाढीची नोंद फक्त माझ्यापाशी राहिली.

पाचव्या वर्षी माझी हार्ड डिस्क कुरकुरायला लागली. दुरुस्तीवाला कान लावून म्हणाला, "ताई, याचं आता वय झालंय. धड आहे तोवर बदला."

"अहो, चालतोय की! चालता बूट कोणी टाकतं का?"

ताई पडल्या बूट करणाऱ्या. तळ झिजला तर तळ बदलायचा, टाच गेली तर टाच, बाकी बूट तोच. तोच न्याय त्यांनी मला लावला. अक्षरं पुसली गेली तेव्हा कीबोर्ड बदलला, पडद्यावर रेघ आली तेव्हा पडदा बदलला. हार्ड डिस्क काही झिजलेली दिसत नाही, म्हणून ती राहिली. नवा संगणक शाळा सुरू व्हायच्या आधीची घाई संपली की घ्यायचा होता. मग सुट्ट्यांनंतर घ्यायचा होता. त्या 'नंतर'ची दोन वर्षं झाली.

दुरुस्तीवाल्याने बजावलं, निदान मापांची एक जादा प्रत तरी काढून ठेवा. ताईंनी ती मनापासून काढली. पण या कार्यशाळेत जोड कधी वेगळा ठेवत नाहीत. डावा एका फळीवर आणि उजवा दुसऱ्या फळीवर दिसला की काका घर डोक्यावर घेतात. म्हणून ताईंनी प्रतही माझ्याच पोटात, मूळ मापांच्या शेजारी ठेवली आणि त्या निर्धास्त झाल्या. मला कळत होतं, पण बोलायला तोंड नव्हतं. होती ती कुरकुर, आणि तिची सगळ्यांना सवय झाली होती.

एका सकाळी मी कुरकुरलो नाही. "अरे वा, आज शहाण्यासारखा गप्प आहे," ताई म्हणाल्या. पडदा काळाच राहिला. मला दुखलं नाही.

त्याच आठवड्यात पाऊण आईबरोबर आली. ती आता बारा वर्षांची आहे. तिच्या लांब पायाची वाढ रोखायचं एक लहानसं ऑपरेशन होऊ शकतं, म्हणजे आखूड पाय त्याला हळूहळू गाठेल. ते हाडं वाढत असतानाच करावं लागतं. नेमकं कधी, हे ठरवायला पायांतला फरक वर्षावर्षाला कसा वाढला ते डॉक्टरांना हवं होतं. आईने त्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं, "आमच्या बूटवाल्यांकडे सगळं आहे."

ताईंनी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने मला उघडलं, डिस्कवरचं आता काहीच वाचता येणार नाही असं सांगितलं आणि विचारलं, "प्रत कुठंय?"

"यातच आहे."

तो स्क्रू परत लावत बसला.

"पहिलं माप मला पाठ आहे," काका म्हणाले. "पाऊण इंच. मधलं काही म्हणजे काही आठवत नाही गं, पोरी." त्यांचे डोळे भरून आले.

"आज किती आहे?"

काकांनी फीत लावली. "पावणेदोन."

"मग आता मला पावणेदोन म्हणा," ती म्हणाली आणि हसली. दुसरं कोणी हसलं नाही.

दोन टोकांच्या दोन आकड्यांवरून वेळ ठरत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. आता वर्षभर मोजायचं आणि मग बघायचं. तोवर तिची वाढ थांबली तर ही वाट बंद. मग हाड कापून लांबवायचं मोठं ऑपरेशन, नाहीतर जन्मभर जाड तळ. नवा संगणक त्या दुपारीच मागवला गेला. दोन वर्षं न ठरलेली गोष्ट अर्ध्या तासात ठरली.

मित्रांनो, माझ्यासारख्याला जपायचं म्हणजे मरेपर्यंत राबवायचं असं नाही. आम्ही धड असतानाच आमच्या पोटातलं दुसरीकडे उतरवून घ्या आणि आम्हाला निरोप द्या. त्याची तारीख आधीच ठरवा, कारण आम्ही बंद पडायची तारीख सांगत नाही. ताई मला अजून रोज पुसतात. आपण याचे हाल केले असं त्यांना वाटतं. माझे कसले हाल? मला काहीच नको होतं.

पाऊण आता दर महिन्याला येते. बूट काढून भिंतीला पाठ लावते, मान ताठ करते आणि विचारते, "वाढले का?" उंची थोडी जरी वाढलेली दिसली, तरी आई सुटकेचा निःश्वास टाकते. परवा काकांनी फीत दोनदा लावून पाहिली. सलग तिसऱ्या महिन्यात उंची तेवढीच भरली.