अप्पांच्या तोंडचं वाक्य

प्रकाशकांना माझ्या आठवणी हव्या आहेत. विनोदी लेखकाने सत्तरी ओलांडली की लोक त्याला खरं बोलायची विनंती करतात. पहिलं प्रकरण अर्थातच अप्पांचं, म्हणजे वडिलांचं. शिलाई मशीन दुरुस्त करायचे. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार. मशीन तेलाचा वास दोन्हीकडे सारखा. आमटीलाही यायचा.

माझ्या साप्ताहिक सदराने अप्पांना घरोघरी पोचवलं. त्यातलं त्यांचं एक वाक्य तर बँकेच्या रांगेत अनोळखी माणसं एकमेकांना ऐकवायची. गिऱ्हाईक विचारायचं, “मशीन कामातून गेलं का हो?” आणि अप्पा म्हणायचे, “तसं नव्हे, पण तसंच.”

वाक्य माझं होतं. एकदा मजकूर दोन ओळी कमी पडला, म्हणून ते अप्पांच्या तोंडी घातलं. पुढे कितीतरी वर्षं ते तिथून काढायची गरज भासली नाही.

आता पुस्तकासाठी मला त्यांचं स्वतःचं वाक्य हवं होतं. एकही चाललं असतं. डोकं झाडून पाहिलं, तर माझेच जुने विनोद खाली पडले. म्हणून ताईकडे गेलो. ती माझ्याहून मोठी, शिवाय अप्पांजवळ शेवटपर्यंत तीच होती. मटार सोलत बसली होती.

“ताई, अप्पा कसे बोलायचे गं?”

“कसे म्हणजे? मांजर खुर्चीत बसलं की म्हणायचे, ‘उठा जावईबापू, गिऱ्हाईक आलंय.’”

“आपल्याकडे मांजर नव्हतं.”

“नव्हतं कसं? पांढरं होतं.”

“ते मी लिहिलं होतं. मला मांजराने शिंका येतात.”

तिचा हात थांबला. “आणि मी त्याला दूध घालायचे ते?”

“तेही मीच.”

“मेल्या, माझं लहानपण तरी सोडायचंस!”

मी दोन शेंगा सोलल्या. माफी मागायची मला एवढीच पद्धत येते.

“‘तसं नव्हे, पण तसंच’ मात्र म्हणायचे हां,” ती म्हणाली. “या कानांनी ऐकलंय.”

“ताई, तेसुद्धा माझंच.”

“असेल तुझं. पण म्हणायचे. तू नोकरीला बाहेरगावी, तुला काय पत्ता? लोक मशीन टेबलावर ठेवायचे आणि वाक्याची वाट बघत उभे राहायचे. पहिल्यांदा अप्पा नुसतेच हसले. तो माणूस इतका हिरमुसला! ‘म्हणजे तुमच्या मुलाने बनवलंय होय?’ म्हणाला. त्या दिवशी अप्पा धड जेवले नाहीत. मला म्हणाले, ‘पोरगं खोटं पडेल गं.’”

“मग?”

“मग काय, पाठ केलं. हातात मशीनची वादी, डोळे मिटलेले, ओठ हलतायत. ‘पण’ आधी यायचं, ‘नव्हे’ मागे राहायचं. मी दुरुस्त करून द्यायचे. पुढे जमलं. लोक खूश.”

“माझ्यासमोर कधीच म्हणाले नाहीत ते.”

“तुझ्यासमोर कसे म्हणतील? तू लेखक. चुकलं असतं तर?”

सुटीत घरी आलो की ते माझ्यासमोर गप्प असायचे. त्यांच्या गप्पपणावर मी एक सबंध लेख लिहिला होता. गाजला होता.

मटारची वाटी भरत आली. खिशातलं पेन काढलं, ‘पोरगं खोटं पडेल गं’ एवढं हातावरच लिहिलं, आणि एकदम जीव धसकला.

“ताई, हेही मी कुठे लिहिलेलं नाही ना? नीट आठव.”

तिने माझ्याकडे पाहिलं, दया आल्यासारखं.

“नाही रे,” ती म्हणाली. “इतकं चांगलं तुला कुठे सुचायचं?”