डब्यातला चॉकलेटी

मी चॉकलेटी रंगाचा खडू बोलतोय. बारा खडूंच्या डब्यात माझी जागा शेवटून दुसरी. माझ्या शेजारी जो राहायचा, त्याचं मला तोंडही बघवत नसे. आम्ही दोघं एकाच कारखान्यात, एकाच मेणातून ओतले गेलो. पण माझ्या कागदावर छापलं ‘चॉकलेटी’ आणि त्या फिक्कट गुलाबी पोराच्या कागदावर ‘स्किन कलर’. एवढ्याशा छपाईवर त्याचा तोरा बघावा!

आम्ही आधी टेकडीवरच्या शाळेत होतो. शाळा सरकारीच, पण तिथे प्रत्येक मुलाला स्वतःचा डबा. मुलं गोरीगोमटी. आई काढायची झाली की तो, बाबा काढायचे झाले की तो, आजी, बहीण, बाळ, सगळीकडे तोच. माझ्या वाट्याला काय, तर झाडाचं खोड, चिखल आणि कुत्र्याची शेपटी. माझा नुसता जळफळाट व्हायचा. तो झिजून अर्धा झाला आणि मी होतो तसाच. खडूला झिजल्याचा अभिमान असतो, हे माणसांना सांगून पटायचं नाही.

मग टेकडीवर नवे डबे आले. जुने सगळे खोक्यात भरून खालच्या शाळेला धाडले. तीही त्याच खात्याची, पण गोदामांच्या मागे. तिथली बाकंसुद्धा टेकडीवरून उतरलेली, दुसऱ्याच मुलांची नावं कोरलेली. अख्ख्या वर्गाला आमचा एक डबा मिळाला.

पहिल्यांदा मला उचललं ते मुंगीने. बारीक पोरगी, सतत कुठेतरी लगबगीने निघालेली, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत. तिच्या मुठीत गेलो आणि बोटं कुठे संपतात नि मी कुठे सुरू होतो, तेच कळेना. वर्गभर बघितलं, तर सगळे हात तसलेच. मी मनात म्हटलं, आता जिरली त्या गुलाबी पोराची!

पालकसभा जवळ आली होती. बाई म्हणाल्या, “प्रत्येकाने स्वतःचं चित्र काढा. नाव लिहायचं नाही हं! आईबाबांनी ओळखायचं.” बाई मनाने चांगल्या. पण जाता जाता म्हणून गेल्या, “आणि चेहऱ्याला स्किन कलर घ्या.”

झालं. वर्गाने त्या अर्धवट तुकड्यासाठी रांग लावली. ढकलाढकली, ओरबाडाओरबाडी. मी डब्यात पडून बघत राहिलो. मुंगीचा नंबर लागला तेव्हा तो नखाएवढा उरला होता. तिने तो जपून, हलक्या हाताने फिरवला.

सभेच्या दिवशी भिंतभर गुलाबी चेहरे लागले. मुंगीची आई रुग्णालयाच्या धुलाईखात्यात चादरी धुते. अर्ध्या दिवसाची रजा काढून आली होती. मुंगी तिचा पदर ओढत म्हणाली, “ओळख ना, मी कुठली!”

आई या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. परत आली. शेवटी हसून एका चित्रावर बोट ठेवलं. ते मुंगीच्या मैत्रिणीचं होतं.

मुंगी आधी हसली. मग तिने पदर सोडला.

“तुला मी ओळखूच येत नाही,” ती म्हणाली.

आईने तिला जवळ ओढलं. त्या बुटक्या बाकावर कशीबशी बसली आणि म्हणाली, “बरं, मला काढ बघू. मी बसते इथे, हलत नाही.”

मुंगीने आईकडे नीट बघितलं आणि मला उचललं. काय सांगू! कपाळ, गाल, गळा, दोन्ही हात, सगळीकडे मी. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाची तरी आई झालो. माझं टोक बोथट झालं तरी मला थांबावंसं वाटेना.

मग तिने आईचा हात धरलेली एक छोटी मुलगी काढली. मी तिच्या बोटांतच होतो. तिने मला खाली ठेवलं आणि तो नखाएवढा तुकडा शोधून काढला.

“अगं, हा कशाला?” आईने आपला हात तिच्या हाताशेजारी धरला. “बघ की, माझ्यासारखीच आहेस ना तू?”

“ते घरी गं,” मुंगी समजावून सांगितल्यासारखं म्हणाली. “मी शाळेत आहे ना आता!”

रंगवून होईपर्यंत आईने हात तसाच ठेवला होता.

त्या चित्रात तो संपला. मला वाटलं, सुटलो. पण सभा आटोपल्यावर बाई म्हणाल्या, “टेकडीवरून अजून मागवते. स्किन कलर आधी.” म्हणजे त्याचा भाऊबंद येणार, तेच नाव मिरवत.

खडू बनवणाऱ्या माणसांनो, मला त्याचं नाव नको, असं म्हणालो तर ते मनापासूनचं नसेल. मला हवंय. एका डब्यापुरतं तरी ते माझ्या कागदावर छापून बघा. मुंगी मला तेव्हाही खाली ठेवते का, एवढंच मला बघायचंय.